स्मॅशचे हललेले फोटो: एका शिकाऊ छायाचित्रकाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका शिकाऊ छायाचित्रकार मुलीचं आहे. तिच्या संमतीने लिहितो आहे. तिचं नाव, क्लब आणि स्पर्धा यांचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे.

तिच्याकडे सुरुवातीच्या श्रेणीतला क्रॉप सेन्सरचा (म्हणजे थोड्या लहान सेन्सरचा) डीएसएलआर कॅमेरा होता. सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटरच्या अशा दोन झूम लेन्स, म्हणजे पहिल्या कॅमेऱ्याबरोबर बहुतेकांकडे असते तीच जोडी. फुलं, इमारती, माणसांची पोर्ट्रेट यात तिचा हात बसला होता. चौकट कशी बांधायची, उजेड कुठून येतोय, हे तिला सांगावं लागत नसे. ओळखीच्या एका बॅडमिंटन क्लबने तिला वार्षिक स्पर्धेचे फोटो काढशील का असं विचारलं आणि तिने आनंदाने हो म्हटलं. स्पर्धेला काही आठवडे होते. तोवर सरावाच्या वेळी हॉलमध्ये येऊन फोटो काढायची मुभा मिळाली. अट एकच होती: फ्लॅश वापरायचा नाही.

ती स्वतः बॅडमिंटन खेळत नव्हती. तो मुद्दा पुढे येईलच.

अडचण

पहिल्या सरावाचे फोटो तिने मला दाखवले तेव्हा ती खरोखर खचली होती. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बरे वाटलेले फोटो संगणकावर मोठे केल्यावर एकामागून एक निकालात निघत होते. कुठे खेळाडूचा हात म्हणजे नुसता फराटा, कुठे चेहरा मऊ आणि मागची भिंत लख्ख, कुठे सगळं नीट पण शटल चौकटीबाहेर. "लेन्सच खराब आहे," असं तिचं ठाम मत झालं होतं. मोठी, पांढरी, खेळाच्या मैदानावर दिसते तसली लेन्स घेतल्याशिवाय हे काम होणार नाही, असं तिने मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी कॅमेरा ऑटोवर होता. फोटोच्या माहितीत शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) १/१२५ सेकंद, अपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) एफ/५.६ आणि आयएसओ (उजेडाबाबत कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १६०० असे आकडे दिसत होते. आयएसओ त्याच्यावर जाऊ नये अशी मर्यादा तिनेच घालून ठेवली होती, कारण जास्त आयएसओ म्हणजे दाणेदार फोटो हे तिने कुठेतरी वाचलं होतं. लेन्समध्ये कंपन रोखायची सोय आहे, तेव्हा १/१२५ पुरेसा आहे, असाही तिचा समज होता. हा समज फार जणांचा असतो. ती सोय आपला हात हलला तर तो सांभाळते. समोरचा माणूस पळत असेल तर त्याला ती थांबवू शकत नाही.

हलला म्हणजे नेमकं काय झालं?

लेन्सचा विषय बाजूला ठेवून आम्ही आधी बिघडलेले फोटो तपासायला बसलो. या प्रकरणातला सर्वांत उपयोगी तास कोणता, असं मला विचारलंत तर तो हाच. "हलला" या एका शब्दाखाली ती चार वेगवेगळे बिघाड मोजत होती, आणि चारांचे उपाय एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत.

फोटो पूर्ण आकारात उघडायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा: या चौकटीत कुठे तरी काही रेखीव आहे का? जाळीचे धागे, कोर्टाच्या रेषा रेखीव आहेत आणि फक्त हात पुसट आहे, तर शटर स्पीड कमी पडला. दिवे, रेषा, माणूस असं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं आहे, तर कॅमेरा हलला. खेळाडू मऊ आणि त्याच्या पुढचं किंवा मागचं काही लख्ख आहे, तर फोकस चुकला. आणि सगळं रेखीव असून फोटोत जीव नाही, रॅकेट खाली आलेली, शटल गेलेलं, तर क्षण हुकला. संगणकावर प्रत्येक बिघाडाला एक रंग देऊन तिने सगळे फोटो खुणावले. चित्र लगेच बदललं. कॅमेरा हलल्याचे फोटो थोडेच होते आणि तेही झूम पूर्ण ताणलेला असतानाचे. शटर स्पीड आणि हुकलेला क्षण हे दोघे मुख्य गुन्हेगार निघाले, फोकस तिसरा. लेन्सची काच खराब असल्याचा पुरावा एकाही फोटोत नव्हता.

त्यातला एक फोटो आम्ही बराच वेळ पाहत बसलो. स्मॅश मारायला पुढे झेपावलेला खेळाडू. जमिनीवर टेकलेल्या पायाच्या बुटाची लेस इतकी स्वच्छ की तिचे वेढे मोजता यावेत. गुडघा किंचित मऊ. खांदा त्याहून मऊ. आणि मनगटाच्या पुढे काही उरलंच नव्हतं, फक्त एक राखाडी पंखा. एकाच माणसाच्या शरीरात एकाच क्षणी इतके वेगवेगळे वेग असतात हे तिला तिथे डोळ्यांनी दिसलं.

मग आकडेमोड केली. धड सेकंदाला ३ मीटर सरकतंय असं धरलं, तर १/१२५ सेकंदात ते २.४ सेंटीमीटर सरकतं. रॅकेटचं डोकं सेकंदाला ३० मीटर वेगाने फिरतंय असं धरलं, तर तेवढ्याच वेळात ते २४ सेंटीमीटर जातं. शटर १/१००० केला की हेच आकडे ३ मिलिमीटर आणि ३ सेंटीमीटर होतात. म्हणजे धड जवळजवळ गोठतं, रॅकेट ओळखू येते, तरी तिच्या कडेला थोडा वेग दिसत राहतो. शटलची गोष्ट आणखी वेगळी. २०२३ मध्ये भारताच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशची नोंद ताशी ५६५ किलोमीटर अशी झाली. तेव्हा तो गिनेस विक्रम ठरला. त्या वेगाने निघालेलं शटल १/१००० सेकंदात साधारण १५.७ सेंटीमीटर जातं, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दीडपटीहून जास्त. क्लबातले खेळाडू त्याच्या जवळपासही मारत नाहीत आणि शटलचा वेग हवेत झपाट्याने उतरतो. तरी यातून एक गोष्ट ठरवावी लागते: फोटोत सगळंच गोठवायचा हट्ट धरायचा का?

समोर असलेले पर्याय

तिच्यापुढचे पर्याय आम्ही एकेक करून तपासले. मूळ अडचण उजेडाची होती. १/१२५ वरून १/१००० वर जायचं म्हणजे प्रकाश आठपट कमी होणार, आणि तो कुठून तरी भरून काढायला हवा.

फ्लॅश बाद होता, आणि अट नसती तरी मी तो सुचवला नसता. वर शटलकडे पाहणाऱ्या खेळाडूच्या डोळ्यात झोत मारणं म्हणजे त्याच्या खेळात ढवळाढवळ आहे.

व्हिडिओ काढून त्यातून चित्रं वेगळी करायची, हा पर्याय तिने स्वतः आणला. फोर-के व्हिडिओतलं एक चित्र साधारण ८ मेगापिक्सेलचं असतं, मोबाइलवर बघायला भरपूर. पण व्हिडिओतही प्रत्येक चित्राला शटर स्पीड असतोच, आणि तो १/१००० ठेवला की उजेडाची तीच अडचण पुन्हा समोर येते. शिवाय बहुतेक कॅमेरे व्हिडिओत सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतात, त्यामुळे वेगाने फिरणारी रॅकेट वाकडी दिसू शकते.

मोठी ७०-२०० एफ/२.८ लेन्स. इथे तिची सगळ्यात जास्त ओढ होती. हिशेब असा: एफ/५.६ वरून एफ/२.८ म्हणजे चौपट प्रकाश, तेव्हा १/१००० ला आयएसओ ३२०० पुरेल. साधी ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घेतली आणि ती एफ/२ वर वापरली, तर आठपट प्रकाश मिळतो आणि आयएसओ १६०० वरच राहतो. ही छोटी लेन्स मोठीच्या किमतीच्या अगदी लहानशा भागात येते, आणि प्रकाश तिच्यापेक्षा जास्त देते. तोटा एवढाच की झूम नाही. पण बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ मीटर लांब आणि दुहेरीसाठी ६.१ मीटर रुंद असतं, आणि तिला अगदी कडेला बसायची परवानगी होती. क्रॉप सेन्सरवर ५० ची लेन्स सहा मीटरवरून उभ्या चौकटीत जवळपास २.८ मीटर उंचीचं दृश्य पकडते. उडी मारलेला खेळाडू रॅकेटसकट त्यात बसतो.

आणि शेवटचा पर्याय, आहे तीच झूम लेन्स ठेवून आयएसओ १२८०० पर्यंत चढू द्यायचा. याला ती सुरुवातीला तयारच नव्हती.

पहिला निर्णय: आयएसओची भीती

खरेदी थांबवून आधी हा शेवटचा पर्याय करून पाहायचा, असं ठरलं. कारण त्यात काही खर्च नव्हता.

तिने एकाच जागेवरून, एकाच शटर आणि अपर्चरवर दोन प्रकारे फोटो काढले. एकदा आयएसओ ३२०० ठेवून, मग काळपट आलेला फोटो संगणकावर उजळून. एकदा आयएसओ १२८०० ठेवून, जसा आला तसा. शेजारी ठेवून पाहिल्यावर उजळलेल्या फोटोच्या सावल्यांत जास्त ठिपके होते. आयएसओ कमी ठेवून नॉइज, म्हणजे हे ठिपके, टळत नाही, कारण तो मुख्यतः कमी उजेडामुळे येतो. फोटो नंतर उजळला की तो उघडा पडतो. काही नव्या सेन्सरवर दोन्हींत फारसा फरक पडत नाही, पण कमी आयएसओवाला फोटो जिंकला असं होत नाही.

ती दाणेदार चित्रं मोबाइलच्या आकारात लहान केली तेव्हा दाणे जवळपास दिसेनासे झाले. पुसट हात मात्र कितीही लहान केला तरी पुसटच राहिला. त्या दिवसानंतर तिने आयएसओची मर्यादा काढून टाकली, शटर प्रायोरिटीवर (शटर आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा ठरवतो असा मोड) १/१००० लावला आणि हात, बोटं, चेहऱ्यावरचा ताण दिसू लागला. माझ्या मते इथपर्यंत पोचायलाच नवख्यांचा सर्वांत जास्त वेळ जातो, आणि जातो तो निव्वळ भीतीपोटी.

शटर किती, यावरही तिने विचार केला. १/२००० वर रॅकेट आणखी स्वच्छ आली, पण आयएसओ दुप्पट झाला आणि चेहऱ्यावरचा तपशील गेला. १/५०० वर चेहरा छान, मनगट पुसट. शेवटी तिने ठरवलं की फोटोत डोळे आणि चेहरा रेखीव हवाच. शटलला शेपूट आलं तरी चालेल. स्मॅशसाठी १/१०००, जाळीजवळच्या नाजूक खेळासाठी १/६४०.

मध्येच उपटलेली अडचण: दिव्यांची लुकलुक

शटर वाढवल्याबरोबर एक नवंच प्रकरण सुरू झालं. एकाच दमात काढलेल्या लागोपाठच्या फोटोंमध्ये एक उजळ, पुढचा काळपट, तिसऱ्यात खालचा अर्धा भाग पिवळसर. तिला वाटलं कॅमेरा बिघडला.

विजेच्या प्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर अनेक जुने दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. ६० हर्ट्झ असेल तर १२० वेळा. डोळ्याला ते कळत नाही. १/१२५ च्या शटरमध्ये जवळपास पूर्ण चक्र सामावत होतं, म्हणून आधी फरक दिसला नव्हता. १/१००० मध्ये चक्राचा छोटासा तुकडाच येतो, आणि तो कधी उजेडाचा असतो, कधी अंधाराचा. शिवाय इतक्या जलद शटरमध्ये सेन्सरवरून एक फट सरकत जाते, म्हणून एकाच फोटोत दोन रंग येतात.

शटर पुन्हा १/१०० वर आणणं म्हणजे सगळ्यावर पाणी सोडणं होतं. तिच्या कॅमेऱ्याच्या मेनूत लुकलुक ओळखून उजेडाच्या शिखरावरच शटर उघडण्याची सोय होती, पण बंद ठेवलेली. ती चालू केल्यावर बर्स्टचा, म्हणजे बटण दाबून धरून लागोपाठ फोटो काढण्याचा, वेग किंचित घटला आणि फोटोंचा उजेड सारखा झाला. हॉलमधल्या दूरच्या कोर्टावर नवे एलईडी दिवे होते, तिथे हा त्रास जवळजवळ नव्हताच, हेही तिच्या लक्षात आलं. ज्या कॅमेऱ्यात ही सोय नाही त्यांनी रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) फोटो काढून रंग नंतर दुरुस्त करावेत आणि शक्य असेल तर कोर्टच बदलावं.

दुसरा निर्णय: फोकस कुणाच्या हातात द्यायचा

तोवर तिने मैत्रिणीकडून ५० ची लेन्स एका सरावापुरती मागून आणली होती. उजेड मिळाला, आयएसओ खाली आला, आणि फोकस चुकलेल्या फोटोंची संख्या वाढली! यात आश्चर्य नाही. सहा मीटरवर एफ/५.६ ला रेखीव राहणारा पट्टा साडेतीन मीटरच्या आसपास असतो, एफ/२ ला तो जेमतेम सव्वा मीटर उरतो. आधी जी चूक झाकली जायची ती आता उघडी पडली.

तिचा कॅमेरा एकदा फोकस धरून तिथेच थांबणाऱ्या मोडमध्ये होता. सेकंदाला ३ मीटर वेगाने पुढे येणारा खेळाडू अर्ध्या सेकंदात दीड मीटर पुढे आलेला असतो, म्हणजे त्या पट्ट्याच्या बाहेर. सतत माग काढणारा मोड तिने लावला. कुठल्या कॅमेऱ्यात त्याला एएफ-सी म्हणतात, कुठे एआय सर्व्हो. पण सगळे फोकस बिंदू चालू ठेवल्यामुळे कॅमेरा जवळची वस्तू पकडायचा, आणि तिच्या व खेळाडूच्या मधली जवळची वस्तू म्हणजे जाळी. मग तिने मधल्या बिंदूंचा एक छोटा गट निवडला आणि तो खेळाडूच्या छातीवर धरून ठेवायची सवय लावली. चेहऱ्यावर का नाही, असं तिने विचारलं. चेहरा लहान आणि सारखा फिरणारा, छाती मोठी आणि त्याच अंतरावर. नवख्या हाताला छाती धरून ठेवता येते. कॅमेरा डोळे ओळखणारा असेल तर हा प्रश्नच उरत नाही, तिचा तसा नव्हता.

फोकसचं बटण अंगठ्याखाली नेण्याचा प्रयोगही तिने केला. शटरपासून फोकस वेगळा करण्याची ही पद्धत अनेकांना फार आवडते. तिला जमली नाही, दडपणाखाली अंगठा सुटायचा. तिने ती सोडून दिली आणि मला ते योग्य वाटलं.

तिसरा निर्णय: बर्स्ट की अंदाज

आता फोटो रेखीव होते. तरी त्यातले बहुतेक निर्जीव होते. रॅकेट अजून मागे, किंवा रॅकेट खाली. मधला तो फटका कुठेच नव्हता.

तिचा कॅमेरा सेकंदाला ५ फोटो काढायचा, आणि बटण दाबून धरलं की एखादा तरी सापडेलच असं तिला वाटत होतं. याचाही हिशेब केला. १/१००० चे ५ फोटो म्हणजे एका सेकंदातले फक्त ५ हजारांश कॅमेरा बघतो. उरलेले ९९५ हजारांश तो आंधळा असतो. दोन फोटोंमध्ये जवळपास ०.२ सेकंदाची फट असते, आणि शटल-रॅकेटची गाठ त्या फटीत आरामात हरवते. शिवाय रॉमध्ये बर्स्ट लांबवला की कॅमेऱ्याची बफर (फोटो कार्डवर जाण्याआधी थांबतात ती तात्पुरती जागा) भरते, आणि गुण संपून खेळाडू ओरडतो त्या क्षणी कॅमेरा कार्डवर लिहीत बसलेला असतो.

१८७८ मध्ये छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याचे फोटो घेतले तेव्हा १२ कॅमेरे ओळीने मांडून धावपट्टीवर आडव्या दोऱ्या ताणल्या होत्या; घोडाच त्या ओढत गेला आणि शटर पडत गेले. क्षण अचूक साधायचा तर शटर हालचालीशीच बांधावा लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं. माणसाच्या हातात कॅमेरा असताना ही दोरी म्हणजे अंदाज.

तो अंदाज तिला मिळाला क्लबच्या कोचकडून. ती सर्व्हिस करणाऱ्याच्या अगदी नजरेसमोर बसली होती म्हणून त्यांनी तिला हटकलं. "अगं, समोर नको बसूस, त्यांचं लक्ष जातं. इकडे खांबाजवळ ये." मग तिचे फोटो पाहून म्हणाले, "तू रॅकेट बघतेयस. डावा हात बघ."

"सर, पण फोटो तर रॅकेटचाच हवाय ना?"

"रॅकेट दिसेपर्यंत फटका मारून झालेला असतो. शटल उंच आलं की हा आधी आडवा वळणार, मग डावा हात वर जाणार, शटलकडे बोट दाखवल्यासारखा. तो हात खाली यायला लागला की समज, आता मारला."

डोळ्याने पाहून बोट दाबायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात, त्यात कॅमेऱ्याचा स्वतःचा विलंब वेगळा. डाव्या हाताची ही खूण तिला तेवढाच अवधी मिळवून देत होती. डीएसएलआरमध्ये तर आणखी एक गंमत आहे: फोटो निघताना आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) काळा पडतो. म्हणजे शटल रॅकेटवर असल्याचं व्ह्यूफाइंडरमधून दिसलं, तर ते फोटोत नसतं. तिला हे पटायला वेळ लागला, पण पटल्यावर दिसला नाही तो क्षण मिळाला म्हणून ती खूश व्हायला लागली.

उडीचंही एक गणित तिच्या कामी आलं. वर गेलेली कोणतीही वस्तू शिखराजवळ रेंगाळते. उडीच्या एकूण वेळेपैकी निम्मा वेळ शरीर वरच्या पाव उंचीत असतं. उडी मारून मारलेल्या स्मॅशमध्ये शिखर साधलं की शरीर जवळपास स्थिर, हात मात्र पूर्ण वेगात. अशा फोटोत धड रेखीव आणि रॅकेटला वेगाची झाक, दोन्ही एकत्र मिळतं.

तिने लांब बर्स्ट सोडले. डावा हात खाली यायला लागला की दोन-तीन फोटोंचा छोटा झटका, मग थांबायचं, आणि गुण संपल्यावरच्या चेहऱ्यांसाठी बफर मोकळी ठेवायची.

स्पर्धेचा दिवस आणि निकाल

स्पर्धेत तिने मैत्रिणीचीच ५० ची लेन्स पुन्हा मागून वापरली. जाळीच्या खांबापासून थोडी मागे, पलीकडच्या खेळाडूचा चेहरा दिसेल अशी, जमिनीवर मांडी घालून बसली. खालून उडी उंच दिसते, आणि मागे दिव्यांऐवजी काळसर भिंत येत होती.

एकेरीचे सामने तिने चांगले टिपले. शटल तारांवर आदळतानाचे काही फोटो मिळाले, तेही छोट्या झटक्यांतून. क्लबने फलकावर लावायला निवडलेल्या फोटोंत मात्र स्मॅश कमीच होते. गुण जिंकल्यावर मुठी आवळलेली मुलगी, रेषेवर पडलेल्या शटलकडे वाकून पाहणारा खेळाडू, जोडीदाराच्या पाठीवरचा हात, असे फोटो त्यांनी उचलले. मोकळ्या ठेवलेल्या बफरची ही कमाई.

काही गोष्टी फसल्या. उपान्त्य फेरीत एक डावखुरा खेळाडू आला. डाव्या हाताची खूण उलटी झालीच, शिवाय ती ज्या बाजूला बसली होती तिथून स्मॅशच्या वेळी त्याची पाठ दिसत होती. हे कळून जागा बदलेपर्यंत पहिला गेम संपला होता. कोर्टाच्या मागच्या रेषेवर गेलेले खेळाडू ५० च्या चौकटीत लहान आले आणि कापून मोठे करताना दाणे वर आले. दुहेरीत फोकस एका जोडीदारावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिला. दुहेरीचे फोटो तिने क्लबला दिले, पण स्वतःच्या निवडीत ठेवले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

क्लबात मल्टी-शटल सराव रोज चालायचा. कोच एकामागून एक शटल टाकतात आणि खेळाडू एकाच जागेवरून एकच फटका पुन्हा पुन्हा मारतो. शिकणाऱ्या छायाचित्रकाराला याहून चांगली संधी मिळणार नाही: जागा तीच, अंतर तेच, हालचाल तीच, चुकलं तर दोन सेकंदांत पुढची खेप. ती पहिल्या दिवसापासून सामन्यांमागे धावली आणि हा सराव तिने फार उशिरा वापरला. आज कुणी विचारलं तर मी तिथूनच सुरुवात करायला सांगेन, आणि एका वेळी एकच सेटिंग बदलायला. सुरुवातीला तिने शटर, फोकस मोड आणि लेन्स एकाच सरावात बदलून पाहिलं, आणि कशामुळे काय सुधारलं हे तिला सांगताच येईना.

पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीत ठेवून नुसता खेळ पाहिला असता, तर डावा हात तिला स्वतःलाही दिसला असता असं मला वाटतं. कोचशी गाठ पडली ती योगायोगाने. खेळणाऱ्या कुणालाही शेजारी बसवून "आता काय होणार हे तुला कशावरून कळतं?" एवढा एक प्रश्न विचारला असता तरी चाललं असतं. हेच धावपटू, सायकलस्वार, नर्तक, पक्षी यांनाही लागू आहे; पक्षी उडण्याआधी अंग आवळतो, नर्तक उडीआधी गुडघे वाकवतो.

सामन्याआधी खेळाडू कोणत्या हाताने खेळतात हे विचारून घेणं हा दोन मिनिटांचा गृहपाठ होता. आता ती वेळापत्रकावरच डावखुऱ्यांच्या नावापुढे खूण करते आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या बाजूचा खांब धरते.

लेन्सबद्दल ती अजून ठरवते आहे. मागून आणलेल्या ५० ने काम भागलं, पण मागच्या रेषेसाठी ८५ एफ/१.८ बरी पडेल असं तिचं म्हणणं आहे, आणि तिच्या फोटोंची माहिती पाहता ते खरं दिसतं. मोठ्या झूमचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही. दुहेरीसाठी सध्या ती एक प्रयोग करते आहे: रॅली सुरू होण्याआधी एक खेळाडू निवडायचा आणि शटल कुणाकडेही गेलं तरी फोकस त्याच्यावरून हलवायचा नाही. निम्म्या रॅली वाया जातात. उरलेल्या निम्म्यांत जे येतं ते वापरण्याजोगं असतं, आणि पुढच्या स्पर्धेपर्यंत याच पद्धतीने चालवायचं तिने ठरवलं आहे.